सगळे फोटो एका मापाचे

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, स्वतःचं डोकं शांत राहावं म्हणून. आमच्या उन्मेष कन्सल्टन्सीत ज्याला डोकं शांत ठेवायची गरज आहे असा मी एकटाच.

अमरावतीचं हेड ऑफिस आणि अकोल्याची ब्रँच, दोन्हीकडून क्लायंटकडे जाणारं प्रत्येक प्रेझेंटेशन माझ्या हाताखालून जातं. एकच हिरवा, एकच फॉन्ट, लोगो उजवीकडे वर. हुद्दा अजून डिझाइन असिस्टंट आहे. सूर्यभान सर म्हणाले होते, दिवाळीनंतर ब्रँड मॅनेजर करू. दिवाळी झाली. सर विसरणारे नाहीत.

संध्या परवाच अकोल्याला गेली, माहेरी. तिचे बाबा, मोरोपंत, फार आजारी आहेत. किडनीचं. घरात ते आणि आई, अनसूयाबाई, दोघंच. संध्या म्हणाली, तुम्हीही चला, बाबा तुमची वाट बघताहेत. म्हटलं, शनिवारी नक्की.

५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी
अकोल्याच्या रागिणीने डाळमिलचं प्रेझेंटेशन पाठवलं. हिरवा चक्क पोपटी. लोगो डावीकडे, वरून ताणून चपटा केलेला. फोन केला तर म्हणे, सर, हिरवा तं हिरवाच हाय नं, क्लायंटले काय समजते. अशा लोकांत राहून काम करायचं.
संकल्प : १. चिडायचं नाही. २. शनिवारी अकोला.

त्याच दिवशी, दुपारी
चिडलो.

९ नोव्हेंबर, रविवार
अकोला राहिलं. नांदगाव पेठच्या कापड युनिटचं प्रेझेंटेशन उद्या, आणि ते सहा जणांनी मिळून केलेलं. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, एकाने तर बाण गुलाबी काढलेत. शनिवार-रविवार त्यातच गेले. असं सोडून कसं जायचं?

संध्याचा फोन. बाबांना माझ्याशी काही बोलायचंय, फोनवर नको म्हणतात. म्हटलं, येत्या शनिवारी पक्कं. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. बायको समजूतदार मिळाली, हे मात्र खरं.

१० नोव्हेंबर, सोमवार
नांदगाव पेठच्या प्रोजेक्टरवर आमचा हिरवा राखाडी दिसला. युनिटच्या मालकाने मधेच थांबवलं. म्हणे, तो सिनेमा राहू द्या, कागदावर झेरॉक्स द्या, काळीपांढरी चालते. काम मिळालं आम्हाला. सरांनी सगळ्यांची नावं घेऊन अभिनंदन केलं, माझं राहून गेलं. घाईत होतं असं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अकोल्याच्या ब्रँचला वर्कशॉप घेतलं. विषय : 'दिसणं म्हणजेच विश्वास'. माझाच. रागिणी पहिल्या रांगेत बसून जांभया देत होती, पण शेवटी सगळ्यांनी ग्रुप फोटो काढला, म्हणजे परिणाम झाला.

संध्याचं माहेर जठारपेठेत. रिक्षाने गेलो असतो. पण परतीची गाडी जवळ आली होती, आणि आजारी माणसाला उभ्या उभ्या भेटणं बरं नाही. निवांत भेटावं. शनिवारी जायचंच आहे. संध्याला आल्याचं कळवलं नाही, उगाच वाईट वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाबा पहाटे गेले.
फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या स्टेशनवर होतो. हातात तिकीट होतं. मी येतच होतो. हे संध्याला दोनदा सांगितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अकोला. बाबांना काय बोलायचं होतं ते संध्याने आज सांगितलं. त्यांना माझ्या तोंडून एक 'हो' ऐकायचा होता. माझ्यामागे संध्याच्या आईला एकटं पडू देऊ नका, एवढंच. म्हटलं, हे काय विचारायचं झालं? माझं हो होतंच. संध्या म्हणाली, त्यांना ऐकायचं होतं. गुरुवारीही दिवसभर दाराकडे बघत होते.

मग म्हणाली, त्याच संध्याकाळी रागिणीच्या स्टेटसला वर्कशॉपचा फोटो बघितला. त्यात तुम्ही हसताय.
 

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
परत अमरावती. मार्ग सुचलाय. गुरुवारी बाबांची तेरवी. त्या दिवशी त्यांच्या आयुष्याचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे. असं काही अकोल्यात कुणी केलं नसेल. बघून संध्याचा राग जाईल, आईंचं मन वळेल, आणि मी दोघींनाही अमरावतीला घेऊन येईन. मागची खोली रिकामीच आहे. बाबांना जो 'हो' द्यायचा राहिला, तो असा देईन.

आईंनी निघताना त्यांचा एकुलता एक अल्बम काढून दिला. सुती पातळात गुंडाळून ठेवतात. जपा म्हणाल्या. मी म्हटलं, आई, हे माझं रोजचं काम आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अल्बम म्हणजे नुसता गोंधळ. एक फोटो चौकोनी, एक उभा, एकाला दातेरी कडा. कुठे बाबा डावीकडे, कुठे उजवीकडे, मधे कुठे खांब, कुठे खुर्ची. एकसारखेपणा औषधाला नाही.

नियम ठरवला. प्रत्येक फोटोत एकच चेहरा, मधोमध, मोठा. कार्यक्रम बाबांचा, दिसायला बाबाच हवेत. स्कॅन करताना वाकडंतिकडं येऊ नये म्हणून सगळे फोटो ऑफिसच्या कटरवर आधीच एका मापात कापून घेतले. आता गठ्ठा हातात घेतला की पत्त्यांच्या कॅटसारखा बसतो. अल्बममध्ये परत लावल्यावर आईंनाच किती नीटनेटकं वाटेल. सगळ्यांवर हलकी हिरवी छटा दिली. मन भरून आलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
तेरवी. जेवणाआधी शो झाला. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष.

बाबा शाळेच्या दारात, बाबा सायकलवर, बाबा चिखलदऱ्याच्या पॉइंटवर. सगळीकडे एकटे, मधोमध. हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटच्या स्लाइडवर टेम्प्लेटमुळे आपोआप लोगो आला आणि खाली 'आपल्या प्रगतीचे भागीदार'. ते काढता येत नाही, मीच लॉक केलंय. संध्याचे मामा खुशालराव मोठ्यांदा म्हणाले, जेवण बी कंपनीकडूनच हाय काय? दोघं-तिघं हसले. लोकांना प्रसंगाचं भान नसतं.

आई पहिल्या रांगेत होत्या. दिवे लागल्यावर त्यांनी संध्याला हळूच विचारलं, मी कुठेच कशी नाही गं? चष्मा बदलायला झालाय त्यांचा. मी जाऊन अल्बम हातात दिला. त्यांनी पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली. मग पातळात गुंडाळून ठेवला आणि मला म्हणाल्या, जेवून घ्या, फार राबलात.

संध्या दिवसभर बोलली नाही. थकली असेल.

३० नोव्हेंबर, रविवार
थकली नव्हती.
अमरावतीचा विषय काढला तर म्हणाली, मी इथेच राहते, आईजवळ. कधीपर्यंत, विचारलं. म्हणाली, ते विचारू नका. मग आत गेली आणि बाहेर येऊन सांगितलं, प्रत्येक फोटोत आई होती. सायकलवर मागे बसली होती. चिखलदऱ्याला हात धरून उभी होती. पन्नास वर्षं ती त्यांच्या शेजारी होती, ती तुम्ही कटरवर कापलीत.
मी म्हटलं, तुकडे ऑफिसात असतील, चिकटवून आणतो. ती म्हणाली, आणा.

१ डिसेंबर, सोमवार
ऑफिस झाडणाऱ्या माणिकबाईला विचारलं. म्हणे, कागदाच्या पट्ट्या व्हत्या नं त्या? थंडी किती पडून राहिली सायेब, चौकीदारानं शेकोटीत टाकल्या. राखेत काडी घालून बघितलं. काही नव्हतं.

ऑफिसात नवीन टेम्प्लेट आलं. निळं. रागिणीने केलंय. सर म्हणाले, आता सगळं आपोआप एकसारखं होते, कुणी तपासायची गरज नाही. मी छान आहे म्हटलं. खरंच छान होतं. पण निळ्याकडे लक्षच लागेना.

२ डिसेंबर, मंगळवार
पट्ट्या जळाल्या हे संध्याला फोनवर सांगितलं. तिने फोन आईंकडे दिला. वाटलं, आता बोलतील, चार शब्द सुनावतील. तशी तयारी केली होती.
आई म्हणाल्या, जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. मग विचारलं, स्वानंदराव, कम्प्युटरवर म्हणे सगळं करता येतं. एका फोटोत तरी मला परत बसवता येईल का? कसंही चालेल. कोपऱ्यात चालेल.
म्हटलं, का नाही, आई, दोन दिवसांत देतो. त्या म्हणाल्या, बरं झालं. आवाज एकदम हलका झाला होता त्यांचा.

४ डिसेंबर, गुरुवार
आईंचा तरुणपणीचा एकही फोटो कुठे नाही. होते ते सगळे त्या अल्बममध्ये होते. मामांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. आमच्या लग्नातल्या अल्बममध्ये आई आहेत, पण केस पिकलेल्या.

त्याच घेतल्या. चिखलदऱ्याच्या फोटोत बाबांशेजारी बसवल्या. उजेड जुळवला, छटा जुळवली, कडा साफ केल्या. काम इतकं सफाईदार झालंय की कुठे जोड दिसत नाही. बाबा तिशीतले, हसताहेत. शेजारी आई पिकल्या केसांच्या. बघणारा म्हणेल, मुलगा आईला फिरायला घेऊन आलाय.

हा त्यांना पाठवायचा कसा? पाठवला तर त्या छान आहे म्हणतील, तेच नको वाटतं. रडू आलं. जमलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगायचंय, आणि ते आईंना. सकाळपासून नंबर काढून बसलोय. त्यांचाच दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही.