फ्लेक्सवरचे दात

१५ मे
नाक्यावर माझा फ्लेक्स लागलाय! दहावीला ब्याण्णव टक्के, म्हणून बाबांची हौस. 'कु. श्रुतिका हिचे हार्दिक अभिनंदन.' पण खाली हसतेय ती मी नाहीच! दात सरळ, पांढरेशुभ्र. माझे पुढे आलेले दोन कुठे गेले?

फोटोवाले परेशभाई दुकानातूनच ओरडले, "बेबी, दात सरळ केला हां, फ्री मदे! मस्त लागते ना?"

डोकंच सटकलं. मार्क माझे आणि तोंड भलत्याचंच!

१६ मे
आईनेच सांगितलं होतं त्यांना. म्हणे, "चारचौघांत लागणार होता ना गं." आणि वर दातांच्या डॉक्टरांची वेळपण घेऊन ठेवलीय — पुढच्या शनिवारी. अकरावीच्या आधी तार लावायची म्हणे.

मी म्हटलं, नाही लावणार. आई म्हणाली, "मग पुढे मला बोल लावू नकोस."

नाही लावणार बोल! कणीस खायला, वर्गातल्या शितलबरोबर खिदळायला हेच दात पुरतात. शितलला तार हवीय, तिने खुशाल लावावी. मला नकोय. विषय संपला.

१७ मे
नाही. नाही. नाही.

१८ मे
मार्कर घेऊन नाक्यावर गेले. शितलने स्टूल धरलं. फ्लेक्सवरच्या पोरीला माझे दोन दात रंगवून दिले — चांगले मोठे! भाजीवाली जिवली मावशी पोट धरून हसली. "आता कशी तूच दिसतेस!"

घरी सांगितलं तर बाबा खो खो हसले. आईपण हसली, तोंडावर ओढणी धरून. तिचे दात माझ्यासारखेच. तलासरीला शाळेत शिकवतानाही तोंडावर हात असतो. पोरं तिची नक्कल करतात, मी बघितलंय. एवढा राग आला! म्हटलं, "तू लपव. मी नाही लपवणार!"

आई उठून भाकऱ्या थापायला गेली.

२३ मे
जिंकले!! आई म्हणाली, "उद्या जाऊन डॉक्टरांना सांगून येते, मुलगी नाही म्हणते."

२४ मे
आई दुपारी आली. पिशवीत एक्स-रे. तिच्या दातांचा!

"वेळ घेतलेलीच होती, म्हटलं फुकट कशाला घालवा." मग मान खाली घालून म्हणाली, "मला हवी होती गं तार. तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.