स्टिअरिंगवरची गाठ

मंगळवार, संध्याकाळ

दुरुस्तीनंतर गाडी सरळ चालायची, पण स्टिअरिंग डावीकडे कललेलं आणि इशाऱ्याचा पिवळा दिवा सुरूच. आज मेकॅनिक बंटीभिया ते सरळ बसवून त्याचा सेन्सर सेट करायला घरीच आले. "दीदी, स्टिअरिंग बिलकुल सीधा रखना," म्हणून स्कॅनरकडे वळले. तेवढ्यात आईने पूजेचा लाल नाडा बांधायला स्टिअरिंग हळूच फिरवलं! झालं, गाडीने वाकड्यालाच सरळ मानलं. बंटीभिया हसत सुटले, "माताजी, पहले जीरो, फिर पूजा!"

नाडा सोडला, स्टिअरिंग सरळ धरून सेन्सर पुन्हा शून्यावर सेट केला, नाडा पुन्हा बांधला. मग हातोद रोडवर चक्कर मारली. दिवा नाही, काही नाही. आई म्हणते, नाड्यानेच काम झालं. आता तिला काय समजावू? समोर सरळ रस्ता, आणि ती लाल गाठ बरोब्बर मधोमध.