मधल्या दाराचे कुलूप

मी, खाली सही करणारा कुलूपवाला, वय पन्नाशीला टेकलेले, डावा गुडघा सोडल्यास शरीराने धडधाकट आणि बायकोचे मत न विचारल्यास बुद्धीनेही शाबूत, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवतो. मरायची घाई नाही. उद्या पुन्हा पायी देवाला निघतो आहे. डोंगरवाट निसरडी आहे, म्हणून मागचे आवरून जातो.

१. घराचा माझा अर्धा भाग आणि बँकेतली शिल्लक बायकोला. "आधी धड परत या, मग बघू," असे ती म्हणते. कलम तिला नामंजूर असले तरी लागू राहील.

२. दुकान, किल्ल्या कापायचे यंत्र आणि सगळ्या कानशी लेकीला. अडलेले कुलूप माझ्यापेक्षा तिचे लवकर ऐकते. जावईबापूंनी गिऱ्हाइकांशी गोड बोलावे, कानशीला हात लावू नये.

३. किल्ल्यांचा जुडगा कोणालाच नाही. मागच्या खेपेला तो कमरेला बांधूनच निघालो होतो. घराची, दुकानाची, कधीच मोडीत गेलेल्या पेटीचीसुद्धा किल्ली त्यात होती. आमच्यासोबत चालणाऱ्या, छत्री कधीच न सोडणाऱ्या निवृत्त शिक्षिका पहिल्याच मुक्कामाला म्हणाल्या, "अहो, देवाला भेटायला निघालात की त्याच्याकडे घरफोडी करायला?" तेव्हापासून माझे नाव खुळखुळा पडले. कंबर सोलून निघाली, पण जुडगा सोडला नाही. अखेर पोचलो, तर देवळाला दारच नाही. नुसती चौकट. सगळे हात जोडून उभे आणि मी कडी शोधतोय.

"काय हरवलं?" बाईंनी मागून विचारले.

"कुलूप दिसत नाही."

"दिसलं तर सांगा. छत्री अडकवायची आहे."

मला हसू फुटले ते आवरेना. देवासमोर इतका मोकळा मी कधी झालो नव्हतो. डोंगर उतरताना जुडगा पिशवीत गेला, घरी आल्यावर खिळ्यावर. तो तिथेच राहू द्यावा.

४. आईच्या शिलाई मशीनवरून दादाचे आणि माझे बिनसले. वाटणीत मशीनचे डोके दादाकडे गेले, पाय माझ्याकडे आले. तेव्हापासून डोके चालवण्याचे काम दादाचे आणि चालण्याचे माझे. दोन्ही घरांत एक टाका पडलेला नाही आणि एक शब्दही. माझ्यामागे हे पाय पुतणीला द्यावेत. डोके तिच्या बापाकडे आहेच, निदान मशीनचे.

५. त्याच भांडणात घराच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या मधल्या दाराला मी माझ्या बाजूने कुलूप घातले, दादाने त्याच्या बाजूने. घातले याचा राग नाही. सख्खा भाऊ कुलूपवाला असताना ते बाजारातून आणले, याची मात्र कायदेशीर नोंद असावी. माझे कुलूप मी डोंगरावरून आलो त्याच दिवशी काढले. रोज दार ढकलून बघतो. हाक मारायला तोंड उघडतो आणि खोकून परत येतो.

६. दादाला काहीही नाही. वाचणाऱ्याने दचकू नये. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवू नये, आणि मला साक्षीदार म्हणून दादाच हवा आहे. सही माझ्यासमोर करावी लागते, म्हणजे त्याला इकडे यावेच लागेल. पुतणीबरोबर निरोप धाडला आहे. कुठल्या दाराने यायचे, ते त्याने ठरवावे. तो आला नाही, तर उद्याचा पहिला मुक्काम मला फार लांब वाटेल.

स्थळ: आमच्या घराची पुढची खोली
दिनांक: निघण्याचा आदला दिवस, दिवेलागणीची वेळ
सही: कुलूपवाला ऊर्फ खुळखुळा

साक्षीदार पहिला: छत्रीवाल्या बाई. (शुद्धलेखन तपासले. चालेल.)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. (बाजारच्या कुलपात किल्ली फिरेना, म्हणून गल्लीतून वळसा घालून आलो. सही केली आहे. आता तेल घे आणि चल पलीकडे. येताना मशीनचे पाय आण, गाढवा. डोकं पुसून ठेवलंय.)