उभी रेघ

केज, सोमवार संध्याकाळ

अब्बा गेल्यानंतर आज पहिल्यांदा कॉलेजात शिकवायला गेले. अकरावीला गणितातलं फलन, म्हणजे फंक्शन, घेतलं. बाकी काय बोलले ते नीट आठवत नाही, फक्त ती उभी रेघ आठवते.

y = 2x + 1 पर्यंत ठीक चाललं. ते समीकरणही आहे आणि फलनही. कुठलाही x द्या, एकच y मिळतो. मग फळ्यावर x = 4 ची उभी रेघ ओढली आणि म्हणाले, हे रेषीय समीकरण आहे, पण फलन नाही. मागच्या बाकावरून सुनीता म्हणाली, "मॅडम, रेषा तर सरळच हाय, मग फलन कावून न्हाई?"

"कारण x चारवरच अडकलाय. तिथं y काहीही असू शकतो, एकच असा सांगता येत नाही."

उत्तर बरोबर होतं. तरी खडू धरून किती वेळ तशीच उभी राहिले कोण जाणे. रेघ पुसायचीही राहिली.

घरी आले तर अब्बांचा फळांचा गाडा दारात, ताडपत्रीखाली, त्यांनी लावला तसाच. मला रडू का येत नाही? भूकही नाही.

अब्बा जुम्म्याच्या दिवशी, शुक्रवारी गेले. तेव्हापासून अम्मी रोज संध्याकाळी विचारते, "आज जुम्मा है ना?" मी रोज तिला खरा वार सांगते. आजही सांगणार होते. पण चारवरच अडकलेली ती रेघ आठवली, फळ्यावर अजून असेल.

"हौ अम्मी," म्हणाले, "जुम्माच है."