तुटलेले सोटमूळ

उमरावती, आषाढ शुद्ध षष्ठी

संताप आवरत नाही. वडिलांनी लावलेला आंबा कापसाच्या गाड्या बनवण्यासाठी केव्हाच तोडला गेला. त्याच्या शेवटच्या कोयांपासून कुंड्यांत वाढवलेली चार रोपे मी गतवर्षी विहिरीजवळ लावली होती. त्या पट्टीतही सरकी पेरायची म्हणून माझ्या धाकट्या भावाने, गोविंदाने, ती आज उपटली आणि बांधावर खोचली. चारही सोटमुळे तुटली. त्यातले एक माझ्यासमोर पडले आहे.

“दादा, पानं हिरवीगार हायेत. काहून चिडून राहिले?” तो म्हणाला.

पान हिरवे, म्हणून झाड जिवंत? दाराच्या तोरणाचे पानही दोन दिवस हिरवे असते. हा उघड हेत्वाभास, फसवा तर्क झाला, असे मी त्याला बजावले. तर हसून म्हणतो, “तोरणाले कोनी पानी घालते का? याइले घालून तं पाहा.”

उर्मट! पावसाने उघडीप दिली आहे. अंधार पडेपर्यंत घागरी मीच वाहिल्या.

हे मूळ अजून ओले आहे. रोपे जगणार नाहीत हे माझे अनुमान खोटे ठरावे, असे आयुष्यात आज प्रथमच वाटले; आणि त्याचाही रागच येतो.