धाकट्या बेटावरचा शेंदूर

अंधेरी (पूर्व),
रविवार, ८ मार्च १९८७

तीर्थस्वरूप जयवंतमामा यांस सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार.

(आई बाजूला बसून भाजी निवडत होती म्हणून एवढं शुद्ध लिहिलं. आता ती गॅसकडे गेलीय, त्यामुळे इथून पुढे तू.) तुझा गुडघा कसा आहे? होडीत चढण्याइतका बरा आहे का? मामीचा खोकला गेला का? मिल बंद पडल्यापासून तू मुलुंडच्या त्या कंपनीत गेटवर बसतोस, तिथे बसायला धड खुर्ची तरी देतात ना?

अंधेरीहून भांडुपला पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे मान्य, पण तू त्यांच्याकडे येऊन बोलायला लागलास की त्यांच्या टीव्हीचा आवाज बारीक होतो, ते मला इकडे ऐकू येतं. हल्ली माझ्या सगळं लक्षात येतं. आर्किऑलॉजीत पडल्यापासून मी साधा दगड पाहिला तरी आधी विचार करते की हा इथे स्वतःहून पडलाय की कोणी ठेवलाय. माणसांबद्दलही तेच व्हायला लागलंय यार, आणि सध्या ज्यांच्याशी गाठ पडलीय ती माणसं तर तशीच आहेत.

माझे देशकर सर तुला माहीत नाहीत. मूळचे नागपूरचे, फार विद्वान, समुद्र वयाच्या पंचविशीत पहिल्यांदा पाहिला. त्यांचा विषय बेटांवरचे अतिप्राचीन दगड. मनोरीच्या बाजूला एका कोळीवाड्यासमोर खाडीच्या तोंडाशी एक चिमुकलं बेट आहे, धाकटं बेट म्हणतात, त्यावर उभ्या दगडांचं एक झकास रिंगण आहे. सर म्हणतात तीन हजार वर्षं तरी जुनं. आणि नुसते दगड नाहीत हं, त्यातून तेव्हाचा समाज दिसतो. कोणाचा दगड समुद्राकडे, कोणाचा पाठीमागे, कोण कोणाला आपल्या जागेत येऊ देत नव्हतं, सगळं. सरांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, माणूस दगड उभा करतो तो शेजाऱ्याला 'ही जागा आमची' असं सांगायला. हे सिद्ध झालं की मोठा रिपोर्ट छापून येणार आणि त्यावर सरांच्या खाली माझं नाव. (आई म्हणते, दगडांवर नाव येऊन कोणाचं लग्न जमत नाही. असो.)

आता प्रॉब्लेम असा की त्या रिंगणात कोळणी सुकट वाळत घालतात. बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या काठ्यांवर, बोंबील, मधल्या मोकळ्या जागेत जवळा, आणि या सगळ्यावर सखुबाईचं राज्य. सखुबाई म्हणजे साठीची, आवाज मार्व्याच्या धक्क्यापर्यंत जातो. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की तुमी बिल्डरची माणसं की सरकारची. मी म्हटलं, कोणाचीच नाही, आम्ही संशोधन करतो. तिने मान डोलावली आणि माझ्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिली. तेव्हापासून आम्ही बेटावर पाय ठेवला की एक ना एक कोळीण काहीतरी निवडत आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसते. टोपलीत निवडण्यासारखं काही नसलं तरी.

तिचा दीर हरेश्वर आमचा होडीवाला. त्याच्यावर माझा वेगळा डाऊट आहे. बेट समोर दिसत असताना तो आम्हाला लांबून वळसा घालून नेतो, विचारलं तर म्हणतो खाली खडक आहे, आणि ओहोटीला मी स्वतः पाहिलं तर नुसता चिखल. त्यात सरांनी एक दिवस कौतुकाने त्याला मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावू दिला. आमची दुर्बीण जुनी आहे, तिच्यातून सगळं उलटं दिसतं, सर्व्हेवाल्यांना त्याची सवय असते. हरेश्वरला समोरचा अख्खा कोळीवाडा उलटा दिसला. घरं खाली डोकं वर पाय, देवळाचा कळस जमिनीकडे, आणि दारात त्याची स्वतःची बायको उलटी उभी. त्याने आम्हाला तडक धक्क्यावर सोडलं. संध्याकाळपर्यंत कोळीवाडाभर झालं की ही माणसं गाव उलटं करायला आलीत आणि ते कसं दिसणार हेसुद्धा मशीनमध्ये भरून आणलंय.

तरी निभावलं असतं. पण दगडांना खडूने टाकलेले नंबर खाऱ्या हवेत पुसून जायचे, म्हणून मी लाल ऑइलपेंट नेला. (आयडिया माझी. सर खूश झाले होते.) एकेका दगडावर छान ठळक आकडे काढले. आता मला सांग, मला काय माहीत की पाडायच्या झोपड्यांवर आणि तोडायच्या झाडांवर असेच लाल आकडे पडतात? म्हणजे माहीत होतं, पण आपण काढले की ते तसे वाटत नाहीत ना.

पुढच्या खेपेला गेलो तर वाट लागलेली. प्रत्येक दगडाला शेंदूर. नुसता टिळा नाही, जाड थर, वर चांदीचे डोळे, गळ्यात झेंडूची माळ, आणि माझे सगळे आकडे आत गडप. सखुबाई समोर हात जोडून बसलेली. सर म्हणाले, हे काय केलंत, इथे कधी देव नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "व्हता. तुमाला दिसत नवता. आता देवाला हलवून दाखवा."

सर खाली बसले. परत येताना होडीत 'पुराव्याची नासधूस, नासधूस' एवढंच म्हणत होते. मी हळूच म्हटलं की सर, 'ही जागा आमची' असं सांगायला माणसं दगड कसे वापरतात, ते तर आपल्याला समोरच बघायला मिळालं. त्यावर ते म्हणाले की सुलक्षणा, आपला काळ तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे, परवाचा नाही. मग उरलेला सगळा वेळ त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू शेंदराचा डबा मीच पुरवला होता.

तर अशी ही संशयी माणसं. चांगल्या माणसांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणजे काय? मी तर सखुबाईचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की आम्ही कोणाची जागा घेणार नाही. मामीला आणि पोरांना आठवण सांग.

तुझी,
सुलू

ता. क. खरं काम राहिलंच. कोळीवाड्याने निरोप दिलाय की मोजायचं असेल तर मोजा, पण आधी देवाची परवानगी घ्या आणि काय कबूल करायचं ते त्याच्यासमोर मोठ्याने बोला. सर नागपूरचे आणि मी इंग्लिश मीडियमची, दोघांनाही देवाशी बोलता येत नाही. तुमच्या मंडळाच्या गणपतीत तू गाऱ्हाणं घालतोस, एकेक वाक्य देवाला ऐकवतोस आणि सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसं इथे येऊन घालशील का? पुढच्या रविवारी सकाळी मार्व्याला ये. सफारी घालू नकोस, बिल्डर समजतील. सर आधी नाही म्हणाले होते, आता म्हणतात की अभ्यासाचा भाग म्हणून उभा राहीन आणि चार लोक म्हणतील ते म्हणेन.

ता. क. २. आईला हे सांगू नकोस. काल चहा पिता पिता सर सहज म्हणाले, "एकदा बेट संरक्षित स्मारक झालं की तारेचं कुंपण, एक वॉचमन, आणि ती मासळी कायमची बंद." इतक्या सहज म्हणाले की माझा चहा तसाच राहिला. रिपोर्टवर माझं नाव यावं असं मला अजूनही वाटतं मामा, खोटं कशाला बोलू. पण सखुबाईचा हात मी धरला होता, सरांनी नाही. म्हणून गाऱ्हाण्यात मध्येच एक वाक्य घाल: "ह्या बेटार जो कोण कुंपाण घालीत, बोर्ड लावीत, नायतर बायलमानसांका सुकट घालूक आडवीत, तेका तूच बघून घे, म्हाराजा." अस्सल मालवणी बोल, आणि भरभर. सखुबाईला मालवणी कळतं, मी विचारून घेतलंय. सरांना 'खयं' म्हणजे 'कुठे' एवढंही कळत नाही, पण 'व्हय म्हाराजा' कुठे म्हणायचं ते मी त्यांना शिकवलंय. काल ऑफिसात प्रॅक्टिस करत होते. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच येणार.