वरच्या मजल्यावर शारशेनोव

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. शिवाय गावाहून राजधानीत, अस्तानात येऊन आठ महिने झाले, मनातलं बोलावं असं कुणी सापडलेलं नाही. घरमालक बोलतो, पण टीव्हीशी.

पुढे कुणी विचारलं तर असावं म्हणून: मी जोमार्त शारशेनोव, वय तेवीस, शिक्षण नववी (शेवटची दोन वर्षं घोड्यावर). कागदोपत्री काम म्हणजे इमारतींचे नकाशे छापायच्या मशीनवर रोल चढवणं. प्रत्यक्षात ऑफिस माझ्यावर चालतं.

संकल्प: महिन्याभरात ड्राफ्ट्समन. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. कुणी काढला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला. पहिल्या ओळीत शारशेनोव यायला पाहिजे. आलंय असं काल घरी फोनवर सांगूनही टाकलं. खोटं नाही ते. खरंच आहे, जरा लवकर सांगितलं एवढंच.

बाबा म्हणाले, घोडे टाकून कागद उचलायला गेलास, आता तो कागद तरी दाखव. नौरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, सगळं गाव दारात असेल. आईनं तिचा नेहमीचा एकच प्रश्न विचारला, कुणाबरोबर जेवलास? म्हटलं, ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर.

४ मार्च

देव आहे. म्हणजे वाईट झालं. आमचे ड्राफ्ट्समन साबित आगा (थोरल्या पुरुषाला आगा म्हणायचं, बाईला आपाई) बसस्टॉपवर बर्फावरून घसरले, उजवं मनगट मोडलं. बालवाडीचा नकाशा अर्धवट. २० तारखेला मंजुरीला जायचाय.

अडचण अशी. प्रत्येक खोलीत एक गोल खूण असते, तिच्यात रकाने: नंबर, नाव, क्षेत्रफळ. एकदा ठप्पा करून ठेवायचा, हवा तिथे उमटवायचा, रकान्यात हवं ते भरायचं. त्याला ब्लॉक म्हणतात. एकास शंभरच्या स्केलवर खुणा छान दिसतात, एकास पन्नासच्या कागदावर गायब.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, एका दिवसात करतो. नकाशे तपासणाऱ्या रिस्ती आपाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, एकतीस वर्षं झाली बाळा, एका दिवसात करतो म्हणणारा मला अजून एका दिवसात परत भेटलेला नाही. मग म्हणाल्या, १९ पर्यंत सगळ्या कागदांवर खुणा नीट उभ्या केल्यास, तर चौकटीत तुझं आडनाव. फुकट मी कुणाचं घालत नाही.

रविवारी साबित आगांना भेटून येणार. पक्कं.

५ मार्च, दुपारी ४

झालं! पन्नासच्या कागदासाठी वेगळ्या खुणा उमटवल्या. एकेक ओढून मोठी केली.

संध्याकाळी ६

दोन्ही कागद एकाच फाइलमधून निघतात, त्यामुळे शंभरच्या कागदावर त्याच खुणा तंदूरच्या रोटीएवढ्या. स्वयंपाकघरातली खूण भिंत ओलांडून अंगणात गेली. आपाईंनी विचारलं, पोरं गोलात राहणार का इमारतीत?

७ मार्च

ऑफिसात उद्याचा महिलादिन आजच साजरा. आपाईंना तीन ट्यूलिप दिले. त्यांनी वास घेतला नि म्हणाल्या, खुणा?

व्हिडिओ पाहिले. सगळी एका टिकमार्कची गोष्ट आहे. ब्लॉकला ती टिक केली की खूण कागदाच्या स्केलप्रमाणे आपोआप लहानमोठी होते. हे मला सुरुवातीपासून माहीत होतं, फक्त टिक कुठे असते ते माहीत नव्हतं. केली. काहीच झालं नाही. जुन्या खुणांना पन्नासचं स्केल हातानं सांगावं लागतं. सेहेचाळीस खोल्या. सांगितलं.

आता गोल आटोपशीर झाले, पण आतली अक्षरं जुन्याच मापाची. कुंपणावरून मेंढ्या सांडाव्यात तशी गोलाबाहेर सांडलीत. अक्षरांना नवा हुकूम पोचलेला नाही.

९ मार्च, रविवार

साबित आगांकडे जायचं राहिलं. वारा फार होता. त्यांचं घर दोन स्टॉपवर आहे, पण वारा दोन्ही स्टॉपवर होता.

हॉटेलात मांती (मांसाचे उकडलेले मोदक) खाल्ल्या. तिथल्या बाईनं टेबलावर दोन काटे ठेवले, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक उचलून नेला. आईला सांगितलं, साबित आगांबरोबर जेवलो.

११ मार्च

नावाचा रकाना मुळातच वाकडा होता, म्हणून काढून टाकला. नवीन केला, माझ्या पद्धतीनं. नमुना म्हणून आत काहीतरी लिहावं लागतं. ‘शारशेनोव’ लिहिलं. फक्त कसं दिसतं बघायला. फार छान दिसतं. बराच वेळ बघत बसलो. उद्या काढणार.

१३ मार्च

साबित आगांचा फोन. म्हणाले, काय रे टोपीवाल्या (मी गावाकडची टोपी घालतो म्हणून), माझी खुर्ची गरम केलीस म्हणे. म्हटलं, काम संपतच आलंय. म्हणाले, अक्षरं ऐकत नसतील तर सिंक कर, म्हणजे नवा ठप्पा सगळ्या खुणांना लागू होतो. पण त्याआधी एक लक्षात ठेव...

सिंक हा शब्द ऐकताच मला सगळं समजलं. म्हटलं समजलं, आणि फोन ठेवला. शिकवणाऱ्याला फार बोलू देऊ नये, हात दुखतो त्याचा.

१६ मार्च, रविवार

साबित आगांकडे पुढच्या रविवारी.

१७ मार्च, सकाळी

सिंक केलं. खुणा शंभरवर नीट, पन्नासवर नीट, अक्षरं गोलात बसलेली, जशी शाळेत पहिल्या दिवशी पोरं. मला रडू आलं. वाऱ्यामुळे.

दहा मिनिटांनी

खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीचं नाव शारशेनोव. जुना रकाना फेकला तेव्हा त्यातली नावंही गेली, नव्यात माझा नमुना उमटला. मी घाबरलो नाही. चहा आपोआप सांडला.

संध्याकाळी ६

जुना छापील कागद शेजारी ठेवून चोवीसही नावं पुन्हा टाइप केली. धुणीघर, झोपायची खोली, नाचाची खोली. नमुनाही काढून टाकला. वरचा मजला बघायची गरज नाही. ठप्पा एकच आहे, जे खाली ते वर.

१८ मार्च

सगळा संच छापून आपाईंच्या टेबलावर ठेवला. घरच्यासाठी एक जादा प्रत काढली, तिच्या चौकटीत माझं आडनाव आधीच टाकलं. उद्या येणारच आहे. वरच्या मजल्याचा कागद निवडला. बाबांना खालचा मजला पाठवणं बरं दिसत नाही. रोल करून, न चुरगळता, गावाकडे निघालेल्या कुबात ड्रायव्हरच्या हातात दिला. नौरोजला पोचेल.

१९ मार्च

आपाईंनी बोलावलं. टेबलावर वरचा मजला पसरलेला. त्या बोटानं दाखवत मोठ्यानं वाचत होत्या: खोली पंचवीस, शारशेनोव. खोली सव्वीस, शारशेनोव. एकतीस, ४.२ चौरस मीटर, शारशेनोव. एकतीस म्हणजे पोरांचा संडास. बावीसच्या बावीस खोल्या वाचल्या. मग चष्मा काढला. म्हणाल्या, एका ओळीत नाव मागितलंस बाळा, बावीस खोल्यांत घेतलंस. ओळीत आता जागा उरली नाही.

साबित आगांना बोलावलं. गळ्यात हात अडकवून आले, डाव्या हातानं माउस धरला. त्यांनी स्वतः ठेवून दिलेल्या जुन्या प्रतीतून अर्ध्या तासात नावं परत आणली. फोनवर हेच सांगत होतो, म्हणाले, आधी प्रत ठेव. चौकटीत त्यांचंच आडनाव गेलं. खुणा मात्र माझ्याच राहिल्या. नीट आहेत, म्हणाले. एवढंच.

जाताना म्हणाले, संडासालासुद्धा खानदानाचं नाव, लेका? आणि रविवारी येतो म्हणून रिस्ती आपाईंजवळ बोलला होतास ना? बायकोनं दोन रविवार मांस शिजवून वाट पाहिली. तुला काय घोडा पाठवायचा का आणायला?

मी हसलो. बहुतेक.

मग आठवलं, घरी पाठवलेला कागदही वरच्याच मजल्याचा. कुबातला फोन लावला. तो डोंगरात, फोन बंद.

२१ मार्च, नौरोज

ऑफिस बंद. घरमालक मुलीकडे गेला, टीव्ही बरोबर नाही नेला. तो मी लावून ठेवलाय.

दुपारी बाबांचा फोन. कागद पोचला. दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, सगळ्या गावानं वाचला. काका विचारत होते, हे काय आहे? बाबांनी सांगितलं, पोरानं राजधानीत घर बांधलंय, बावीस खोल्या, प्रत्येक खोलीवर आपलं नाव. कोपऱ्यात एकदा आणि आत बावीस वेळा! इतकं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, आम्ही दोघांनी आमची खोली ठरवली. एकतीस नंबर. लहान आहे, पण कोपऱ्यावर आहे, म्हाताऱ्यांना पुरे.

म्हटलं, चांगली आहे बाबा. पाण्याची सोयपण आतच आहे.

मग आईनं फोन घेतला. नेहमीचाच प्रश्न. कुणाबरोबर जेवलास? आज सणाचा दिवस, खोटं चटकन सुचलं नाही. म्हटलं, एकटाच.

तिच्या मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, सगळ्या खोल्यांत शारशेनोवच आहेत ना रे, मग तू एकटा का जेवतोस?

म्हटलं, आई, रेंज जातेय.

रेंज पूर्ण होती.